अडलेला काटा

(जव्हार येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित पाठ)



व्याख्यानाचा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांनी फोनवर अगदी मोकळेपणाने शंका विचारली. लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झाली, वजन उतरलं आणि मग मध्येच अडलं, हा विषय जव्हारला कशाला? ज्या तालुक्यात वजनाचं नाव काढलं की १९९२-९३ सालचे वावर-वांगणीचे कुपोषणबळी आठवतात, जिथे आजही दर महिन्याला अंगणवाडीत पोरांची वजनं होतात आणि ती वाढली नाहीत म्हणून ताईंची झोप उडते, तिथे वजन कमी होत नाही या दुःखाबद्दल बोलायचं? शंका रास्त होती. तिला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे आणि आजचं सगळं व्याख्यान म्हणजे तेच उत्तर आहे.

पहिलं कारण सरळ आहे. हे रुग्ण आता इथूनही येतात. आश्रमशाळेतले शिक्षक, बाजारपेठेतले दुकानदार, सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी, आणि इथून वसई-विरार, ठाणे, नाशिककडे जाऊन स्थिरावलेली मंडळी. शस्त्रक्रिया होते नाशिकला किंवा मुंबईला आणि पुढचं सगळं आयुष्य जातं इथे. वर्षभराने वजन थांबतं, तेव्हा विचारायला जवळ कोणी नसतं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने अधिक मोठं आहे. अडलेल्या वजनाचा अर्थ कसा लावायचा, याचं शिक्षण मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात मिळण्याआधी याच डोंगरात मिळालं. तरुणपणी सरकारी सेवेत असताना या भागातल्या अंगणवाड्यांत बसून मी वाढीचे तक्ते पाहायला शिकले. पुढे स्थूलत्वाच्या रुग्णांबरोबर काम करू लागले आणि लक्षात आलं की शरीर तेच आहे, त्याचे नियमही तेच आहेत आणि माणसाला दोष देण्याची घाईसुद्धा तीच आहे.

आधी शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडे जास्त करून दोन प्रकार होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत पोट लहान होतं. पण खरा फरक पडतो तो संप्रेरकांत. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधलं. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो, म्हणून भूक मावळते. आतड्यातून पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात. मधुमेह असलेल्यांची साखर अनेकदा वजन उतरण्याच्या आधीच सुधारू लागते. महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची घरोघरी चर्चा झाली ती २०११ साली नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली तेव्हा. तोवर ही गोष्ट लोक लपवूनच ठेवत, आणि बायका तर आजही लपवतात.

मग वजन उतरू लागतं. पहिल्या आठवड्यांत भराभर उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास एकदम थांबतं. नव्या रुग्णांचे सर्वांत घाबरलेले फोन याच आठवड्यात येतात. ‘डॉक्टर, दोन घास खाते, तरी काटा हलत नाही. ऑपरेशन वाया गेलं का?’ वाया गेलेलं नसतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो आपल्यासोबत तिपटीच्या आसपास पाणी धरून ठेवतो. सुरुवातीला साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा झरझर खाली येतो. मग शरीर पाण्याचा हिशेब पुन्हा लावू लागतं. चरबी आतून कमी होतच असते, फक्त काट्यावर दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत वजन पुन्हा उतरू लागतं. या थांब्यावर औषध नाही आणि गरजही नाही. कंबरेला टेप लावून पाहा म्हणजे कळेल.

दुसरा थांबा येतो वर्ष-दीड वर्षाने. तो लांब असतो आणि बहुतेकांच्या बाबतीत कायमचा असतो. आज मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेले दोन हजारांवर लोक आणि तशाच वजनाचे, शस्त्रक्रिया न केलेले दोन हजारांवर लोक, अशा दोन गटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी बत्तीस टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी मोजलं, तेव्हा उतरलेलं वजन पंचवीस टक्क्यांवर होतं. म्हणजे थोडं परत आलं आणि मग तिथे स्थिरावलं. शस्त्रक्रिया न केलेल्यांचं वजन त्या सगळ्या वर्षांत जवळपास होतं तिथेच राहिलं. आणि शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं. हे आकडे मी प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेआधी कागदावर लिहून देते. १२० किलोची बाई ८८ किलोवर थांबली, तर ती पुस्तकात सांगितलेल्या जागी पोहोचली आहे. पण तिच्या मनात लग्नातल्या फोटोतले ५८ किलो असतात. नातेवाइकांच्या मनातही तेच असतात. ८८ वर काटा अडला की घरात कुजबुज सुरू होते, आणि जी बाई आता जिना चढू शकते, जिचं इन्सुलिन सुटलं आहे, ती स्वतःला नापास समजू लागते. कुठेतरी वजन थांबलंच पाहिजे, नाहीतर माणूस जगणार कसा? तो थांबा यावा यासाठीच हा सारा खटाटोप होता, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

शरीर असं का थांबतं, हे समजून घ्यायला १९४४ सालात जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात युरोपभर उपासमार पसरली होती. सुटका झालेल्या लोकांना कसं जेवू घालायचं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुण निवडले. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले, पण माणसांच्या उपयोगी पडायला तयार असलेले हे स्वयंसेवक होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं जवळपास चतुर्थांश वजन गेलं. त्यांच्या शरीरांनी काय केलं ते पाहा. विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. हृदयाचे ठोके मंदावले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. जिना चढायला नको वाटे. दिवसभर डोक्यात अन्नाचेच विचार असत. वजनाची रेषा सुरुवातीला तीव्र उताराची होती, ती शेवटी शेवटी सपाट होत गेली. आणि पुन्हा जेवण सुरू झालं तेव्हा आधी चरबी भरून आली, स्नायू मागाहून आले.

हे तरुण आळशी नव्हते, खोटंही बोलत नव्हते. त्यांच्या शरीराने दुष्काळ ओळखला होता आणि ते खर्च कमी करत होतं. दुष्काळ खरा आहे की डॉक्टरांनी मुद्दाम घडवलेला आहे, हे शरीराला कळत नाही.

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं आणि या गोष्टीचा आणखी एक धागा हाती आला. लेप्टिन चरबीतून निघतं आणि मेंदूला साठा किती आहे ते सांगतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं. मेंदू समजतो की कोठार रिकामं होत आहे, आणि भूक वाढवून खर्च आवळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर अनेकांना हादरवलं. वजन उतरवण्याच्या अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरीही त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे उष्मांक कमी खर्च करत होती. शस्त्रक्रियेचं वेगळेपण असं की संप्रेरकं बदलल्यामुळे शरीराचा हा प्रतिकार बराच बोथट होतो. पण तो पूर्ण जात नाही. शिवाय साधं गणितही असतं. तीस किलो कमी झालेल्या शरीराला नुसतं बसून राहायलासुद्धा आधीपेक्षा तीनशेच्या आसपास उष्मांक कमी लागतात. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या महिन्यात जे जेवण वजन उतरवत होतं, तेच जेवण पंधराव्या महिन्यात वजन आहे तिथे टिकवतं. बाईने काहीही चुकीचं केलेलं नसतं, तरी काटा थांबतो.

आता इथल्या पोषण पुनर्वसन केंद्राकडे वळते. तीव्र कुपोषित बालक दाखल झालं की तिथल्या परिचारिकेला पहिली शिकवण काय असते? लगेच भरपेट खाऊ घालू नका. कारण त्या बाळाच्या शरीराने जगण्यासाठी सगळा कारभार आवरता घेतलेला असतो. हृदय हळू चालतं, मूत्रपिंडं कमी काम करतात, पेशींतले पंप मंद झालेले असतात, ताप यायला हवा तिथे तापही येत नाही. म्हणून आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी देतात. शरीर सावरलं की मग एफ-१०० सुरू होतं. मिनेसोटाच्या तरुणांत जे दिसलं, तेच पाच किलोच्या बाळात दिसतं. माझ्या ८८ किलोच्या रुग्णाच्या अंगात त्याचीच सौम्य आवृत्ती चाललेली असते.

मात्र इथे मला एक भेद ठळकपणे मांडायला हवा, नाहीतर या भागातल्या आयांवर अन्याय होईल. शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने आलेली सपाट रेषा ही बहुधा मुक्कामाची खूण असते. दीड वर्षाच्या मुलाच्या तक्त्यावरची सपाट रेषा ही धोक्याची खूण असते, ती तक्त्याच्या हिरव्या, म्हणजे सामान्य वजनाच्या, पट्ट्यात असली तरी. डेव्हिड मोर्ले या ब्रिटिश डॉक्टरांनी नायजेरियातल्या एका खेड्यात काम करताना वाढीचा तक्ता घडवला, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की मूल कोणत्या पट्ट्यात आहे यापेक्षा रेषा कोणत्या दिशेला चालली आहे ते पाहा. इथल्या अनुभवी अंगणवाडी ताईला हे कोणी शिकवावं लागत नाही. आजच्या अंगणवाडीचं मूळ ज्या प्रयोगात आहे, तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला आणि मग कोसबाडला झाला. मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, ही त्यांची रीत. अंगणातली शाळा तिथूनच आली.

आणि रेषा सपाट झाली, तर पुढे काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या तीव्र कुपोषणावरच्या मार्गदर्शिकेत याचं फार सुंदर उत्तर आहे. मी ते माझ्या दवाखान्यात जसंच्या तसं वापरते. तिथे म्हटलंय की बाळाचं वजन दिवसाला किलोमागे पाच ग्रॅमपेक्षा कमी वाढत असेल, तर शोध घ्या. खाणं पुरेसं आणि नीट दिलं जातं का? रात्री दिलं जातं का? एखादं विशिष्ट पोषणद्रव्य कमी पडतंय का? कुठे लपलेला संसर्ग आहे का, क्षयरोग, कान, लघवी? बाळ मनाने उदास आहे का? या सगळ्या यादीत आई निष्काळजी आहे का, हा प्रश्न पहिला नाही. आधी व्यवस्था तपासायची, मग शरीर आणि मग मन.

शेजारच्या मोखाड्यात हे किती वेळा उलटं झालं! २०१६ साली इथले बालमृत्यू पुन्हा बातम्यांत आले आणि शहरातून येणाऱ्यांच्या तोंडी आयांचं अज्ञान, भगताकडे जाणं, लवकर लग्नं हेच होतं. मला या प्रत्येक गोष्टीचं गांभीर्य कळतं. पण आवणीच्या दिवसांत ती आई पहाटे पाण्याला जाते, दिवसभर चिखलात वाकते आणि संध्याकाळी चूल पेटवते. पोर दिवसभर थोरल्या बहिणीच्या कडेवर असतं. घरातलं धान्य श्रावणाच्या आधीच तळाला गेलेलं असतं, नवी नागली-वरई हाती यायला वेळ असतो. याच महिन्यांत पोरांची वजनं अडतात. मग दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर किंवा भिवंडी-वसईच्या बांधकामांवर जातो, तक्ता इथे राहतो आणि मूल तिथे. होळीला परत आलं की काट्यावर दिसतं काय झालं ते. अशी रेषा त्या आईच्या स्वभावाबद्दल काहीही सांगत नाही. पाऊस, धान्य आणि मजुरी यांची तारीखवार नोंदच ती असते.

आया म्हणतात, ‘खातो तसा खातो, पण अंगी लागत नाही.’ माझ्या रुग्ण म्हणतात, ‘काही खात नाही, तरी उतरत नाही.’ दोघींवर ऐकणारे अविश्वास दाखवतात. मी दोघींच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण दोन्ही वाक्यांत शोधण्यासारखं काहीतरी असतंच.

पोटाच्या मापाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तिथे या दोघींची गाठ पडते. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे तीस ग्रॅम अन्न मावतं असं धरतात. आठ किलोचं मूल म्हणजे अडीचशे ग्रॅमपेक्षा थोडं कमी. त्या पोटात पातळ पेज घातली तर ते पाण्यानेच भरतं, मूल मान फिरवतं आणि आईला वाटतं झालं त्याचं. म्हणून दिवसाला पाच-सहा वेळा, घट्ट, तेलाचा चमचा घातलेलं, अंडं किंवा शेंगदाणा असलेलं खाणं हवं. २०१५ पासून चाललेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण आणि पुढे मुलांना अंडी देण्याचा निर्णय झाला, त्यामागे हाच विचार आहे. अंडी वेळेवर येतात का, ताईंना त्यांचे पैसे वेळेवर मिळतात का, यावर भांडायला मी तुमच्यासोबत केव्हाही उभी राहीन.

स्लीव्ह झालेल्या बाईच्या जठरात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. म्हणजे आठ किलोच्या मुलापेक्षाही कमी. तिलाही पाच-सहा वेळा खावं लागतं. फरक एवढाच की मुलाला दाट उष्मांक हवेत आणि तिला दाट प्रथिनं हवीत. बारकाईने विचारलं की वजन अडण्याची गोष्ट इथे सापडते. सुरुवातीच्या महिन्यांत घट्ट अन्न लहान पोटात अडतं, दुखतं. मग हळूहळू मऊ, सरकणाऱ्या पदार्थांची सवय लागते. चहात बुडवलेली बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी, शेव-फरसाण, सरबत, आइस्क्रीम. हे पोटात थांबत नाही, भूक भागवत नाही आणि उष्मांक मात्र पुरवतं. दिवसात साखरेचा चहा पाच वेळा झाला तर त्याचा हिशेब कोणी जेवणात धरत नाही. अशा बाईला मी ‘कमी खा’ असं कधीच सांगत नाही. ती आधीच कमी खाते. मी सांगते, ताटातला पहिला घास अंड्याचा, माशाचा, चिकनचा, पनीरचा किंवा घट्ट उसळीचा असू दे. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं व्हायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब करा.

इथल्या स्वयंपाकघरात यासाठी भरपूर आहे. उडदाचं घट्ट वरण, कुळीथ, चवळी, नदीचे मासे, खेकडे. वाळवलेल्या सुकटीत तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनंच असतात, फक्त मीठ धुऊन काढायला हवं. नागलीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. शहरात हल्ली ती मोठ्या कौतुकाने खातात आणि तिच्यातलं कॅल्शियम खरोखर अपूर्व आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण प्रथिनं सातच ग्रॅम असतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाईने नागलीच्या भाकरीने पोट भरलं तर उसळीला जागा उरणार नाही. आधी उसळ, मग भाकरीचा तुकडा.

पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाच्या अंतराने घ्या. दारू नको, हे पुरुषांना विशेष सांगते. बायपासनंतर ती फार झपाट्याने रक्तात चढते आणि तिच्या आहारी जाण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच काट्यावर करा. रोज काट्यावर चढणाऱ्या माणसाचा सगळा दिवस त्या आकड्याच्या हाती जातो.

आणि स्नायू. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू गेले की शरीराचा खर्च आणखी घटतो आणि रेषा लवकर सपाट होते. घाबरून खाणं निम्म्यावर आणणाऱ्याचे स्नायू सर्वांत जास्त जातात, म्हणून अडलेल्या वजनावर उपास हा उपाय नाही. चालणं हवंच, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस ओझ्याचा व्यायामही हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटा देणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. जी बाई लहानपणी डोक्यावर दोन हंडे घेऊन दरी चढत होती आणि आता विरारच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर एका जागी बसून काम करते, तिच्या स्नायूंना काम हवं आहे. हंड्यांचे दिवस परत यावेत असं मात्र मी कधीही म्हणणार नाही. त्या कष्टांनी किती गर्भ खंगले, ते इथल्या दाईंना विचारा.

एवढं सगळं होऊनही वजन बारा-पंधरा महिन्यांच्या आत, अपेक्षेच्या बरंच वर अडलं, किंवा नंतर झपाट्याने परत येऊ लागलं, तर पुढचा शोध डॉक्टरांनी घ्यायचा. थायरॉइड तपासायचं. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरची औषधं, इन्सुलिन यांमुळे वजन वाढतं का ते पाहायचं. झोपेत श्वास अडतो का, रात्रपाळी आहे का, घरात काय चाललंय, हे विचारायचं. नैराश्य हा अडलेल्या वजनाचा फार मोठा आणि फार कमी विचारला जाणारा भाग आहे. ज्या बाईने आयुष्यभर दुःख जेवणावर उतरवलं, तिची जेवणाची वाट शस्त्रक्रियेने बंद झाली, दुःख मात्र आहे तिथेच राहिलं. शेवटी दुर्बिणीतून किंवा एक्स-रेवर जठराची रचना पाहायची. नळी सैल झाली असेल तर दुरुस्तीची शस्त्रक्रिया असते, आणि २०२५ पासून भारतात सेमाग्लुटाइड, तिर्झेपटाइड ही वजनावरची नवी इंजेक्शनंही मिळू लागली आहेत. ती वाईट नाहीत. पण ती महाग आहेत, ती कोणाला द्यायची आणि किती दिवस द्यायची याचा निर्णय तज्ज्ञाचा आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून टोचून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता पुण्यात झालेल्या एका अभ्यासाकडे येते, कारण त्याने कुपोषण आणि लठ्ठपणा या दोन गोष्टी एकाच शरीरात जोडल्या. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं जवळपास ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, पण चरबी त्या मानाने राखलेली होती. २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि आपले ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के.

जव्हार-मोखाड्यात आज सव्वादोन किलोचं जन्मलेलं बाळ उद्या विरारच्या गोदामात रात्रपाळी करेल, वडापाव आणि गोड चहावर दिवस काढेल. त्याचं शरीर कमतरतेसाठी घडलेलं आहे. ते थोड्या वजनालाच मधुमेहाकडे झुकेल. म्हणूनच आपल्या लोकांसाठी शस्त्रक्रियेचे निकषही युरोपियनांपेक्षा कमी बीएमआयवर ठेवले आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी पस्तीस टक्के खुजी आढळली आणि त्याच राज्यात तेवीस टक्के बायकांचं वजन जास्त आढळलं. हे दोन वेगळे महाराष्ट्र आहेत असं समजून आपण दोन वेगळी खाती चालवतो. पण पुष्कळदा ती एकाच घरातली दोन माणसं असतात, आणि कधी एकच माणूस, वीस-तीस वर्षांच्या अंतराने.

म्हणून तरुण बायकांना आणखी एक सांगणं आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळा. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते, हे अनेकींना माहीत नसतं. उतरत्या वजनातल्या आईचं बाळ पुन्हा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका असतो. आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. वजन अडलं म्हणून रागावून गोळ्या आणि तपासण्या दोन्ही सोडणाऱ्या रुग्ण मी पाहिल्या आहेत. थकवा, केस गळणं, हातापायांना मुंग्या घेऊन त्या परत येतात, तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. सतत उलट्या होत असतील तर एक दिवसही थांबू नका, बी-१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते.

जव्हारहून नाशिक ऐंशी किलोमीटर, मुंबई त्याच्या जवळपास दुप्पट. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी तपासणी हवी असते. मजुरी बुडवून, दुकान बंद ठेवून, एसटीने घाट उतरून एवढ्या वेळा कोण जाणार? पहिलं वर्ष जातात. नंतर वजन अडलं की लाज वाटते आणि जाणं थांबतं. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तोच यादीतून गळतो.

माझं मागणं अवघड नाही. इथल्या पतंगशाह उपजिल्हा रुग्णालयात रक्त तपासता येतं. पोषण पुनर्वसनाचं काम करणारी आहारतज्ज्ञ आणि परिचारिका यांना अडलेल्या वजनाचा शोध कसा घ्यायचा हे कोणत्याही शहरी दवाखान्यापेक्षा चांगलं माहीत आहे. खाणं, कमतरता, संसर्ग, मन, या क्रमाने त्या रोज विचार करतात. महिन्यातून एक दुपार ठरवावी. शस्त्रक्रिया झालेल्या, आणि वजनासाठी धडपडणाऱ्या शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांनी त्या दुपारी यावं. वजन, कंबर, रक्तातलं लोह आणि बी-१२ पाहावं, आठवड्याच्या खाण्याबद्दल बोलावं, आणि जे इथे सुटत नाही तेवढंच दूरध्वनीवरून नाशिक-मुंबईच्या तज्ज्ञांकडे न्यावं. त्या बदल्यात शहरातल्या आम्हा डॉक्टरांनी त्याच दिवशी बालकांच्या केंद्रात हजेरी लावावी, अडलेल्या रेषा ताईंसोबत बसून वाचाव्यात, आणि वीटभट्टीवर गेलेल्या मुलाचा तक्ता तिथल्या अंगणवाडीपर्यंत पोहोचतो की नाही याचा पाठपुरावा करावा. वैद्यकीय अधीक्षकांना आणि एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना मी हे लेखी देणार आहे. पहिल्या दुपारी यायला मी तयार आहे. इथल्या ज्या ताईंना, परिचारिकांना यात भाग घ्यायचा आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर आपलं नाव आणि गाव संयोजकांकडे द्यावं. आणि ज्यांच्या घरात असं वजन अडलेलं आहे, लहान्याचं असो की थोरल्याचं, त्यांनी प्रश्न आत्ताच विचारावेत. चारचौघांत नको असेल तर मी बाहेर व्हरांड्यात थांबते.